राबाचा उगवतीचा कोपरा

आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, पाला, वाळल्या डहाळ्या पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. सासूबाई राब नेहमी उगवतीच्या कोपऱ्यातून पेटवायच्या. त्या गेल्या, घर माझ्या हाती आलं, तरी मी तो कोपरा सोडला नाही. फक्त सासूबाई दिवस कलल्यावर पेटवत, आणि मला ऊन सोसेना म्हणून मी सकाळीच पेटवू लागले. त्यात काय एवढं, असं मला वाटे.

सून दहिवलीची. येताना माहेरची गाय घेऊन आलेली. पोर मोठी चौकस. भाकरीचं पीठ एक दिवस गरम पाण्यात मळील, एक दिवस गार पाण्यात. वर म्हणेल, "बघू तरी काय होतं!" एकदा नवा घेतलेला बैल चुकला. सगळे रान तुडवत होते आणि ही म्हणते, "मी बैल असते तर जुन्या मालकाकडं गेले असते." बैल तिथंच सापडला. मी तिला शाबासकीसुद्धा दिली नाही.

त्या वर्षी सकाळी मी जळतं लाकूड घेऊन कोपऱ्यात उभी राहिले, तर ती म्हणाली, "आत्याबाई, आज इकडून नको. मावळतीकडनं लावू."

"का गं?"

"नीट सांगता येत नाय. पण उगवतीच्या घाटातल्या आगगाडीचा धूर बघा, आपल्याकडं झुकलाय. उडवीकडची कड आधी हळूहळू जळून जाऊ दे, असं वाटतंय."

मावळतीच्या बांधापलीकडेच आमची पेंढ्याची उडवी होती, गुरांची वर्षाची वैरण.

"वाटतंय म्हणे! दहिवलीत वारा तुला विचारून वाहायचा काय गं?"

शेजारणी खदखदून हसल्या. मी कोपरा पेटवला.

वारा पाठीशी घेऊन जाळ असा धावला की आम्ही घागरी उचलेपर्यंत बांध ओलांडून गेला. उडवी गेली. माणूस-जनावर वाचलं, पण एवढ्या गुरांना घालायचं काय? तिची गाय दहिवलीला परत पाठवली. तिनं स्वतः दावं सोडलं.  मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढं एका दुपारी ओटीवर बसले असताना मावळतीकडून आलेल्या वाऱ्यानं पदर उडाला; सकाळी तोच उगवतीकडून वाहत होता. तेव्हा कळलं हो मला. सासूबाई दिवस कलल्यावर पेटवत तेव्हा वारा मावळतीकडून, समोरून यायचा, जाळ त्याच्या उलट बेतानं सरकायचा, म्हणून तो कोपरा. त्या वारा बघत होत्या. मी कोपरा पाठ केला.

तेव्हापासून सून भाकरी करते ती माझ्यासारखीच. कशात काही वेगळं करून बघत नाही. यंदा सकाळी राबापाशी मीच तिला विचारलं, "सांग गं, कुठून लावू?"

"तुमी म्हणाल तिथून, आत्याबाई."

पण तिची नजर क्षणभर मावळतीकडे गेली आणि लगेच खाली वळली. मी तेवढी पकडली. तिकडे जाऊन पेटवलं. जाळ कसा शहाण्यासारखा सरकत गेला.

"बरोबर का गं?" मी विचारलं.

"मला काय ठावं," ती म्हणाली आणि घागर भरायला गेली.