उंटाच्या ग्रुपात येशूचं नाव

आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी नर्स ख्रिस्ती आहे. वय चाळीस, आणि वेड एका उंटाच्या कार्टूनचं. मोबाइलवर त्या कार्टूनच्या चाहत्यांचा ग्रुप आहे, त्यात ती उंटाची चित्रं काढून टाकते. नेटवर्क आलं तरी "धन्यवाद प्रभू" म्हणते. मला आधी ते ढोंग वाटायचं.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी घाबरले. तिनं मला न विचारताच ग्रुपवर लिहिलं, "खालच्या मावशींसाठी येशूच्या नावानं प्रार्थना करा." त्या ग्रुपात धर्माचं बोलायला बंदी. "दीदी, यहाँ धरम नहीं चलता," म्हणून ग्रुप चालवणाऱ्यांनी तिला महिनाभरासाठी काढून टाकलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर मला हे कळलं. मी रागावले. "अगं बाई, नुसतं 'दुआ करो' लिहायचं. ते तर सगळेच लिहितात."

"मावशी, ज्याच्याकडे मागायचं त्याचं नाव नको घ्यायला?"

"आता उंटाबद्दल कोणाशी बोलशील?"

ती मोबाइल घेऊन वर निघून गेली. तिला बोलायला तेवढी एकच जागा होती.

रविवारी ती चर्चमधून आली तशी मी जिना चढून वर गेले. म्हटलं, "लाव तुझा उंट." मला काही कळलं नाही. उंट पावसाला का भितो, हे मी दोनदा विचारलं. तिनं दोन्ही वेळा हात नाचवत सांगितलं.

डोळ्यानं आता स्वच्छ दिसतं. डॉक्टरमुळे की तिच्या प्रभूमुळे, ते मी ठरवत बसत नाही. महिनाभर दर रविवारी मी उंट बघणार आहे.