सरकारचा एकच प्रश्न

तिला आम्ही सगळ्या ‘सरकार’ म्हणायचो. झाडूवाल्या बाईला सरकार! पण तिची सवयच तशी. तोंड उघडलं की नगरपालिकेने हे करायला पाहिजे, ते करायला पाहिजे. मी म्हणायचे, बाई गं, आधी तो कोपरा झाड, मग राज्य कर. ती हसायची आणि कोपरा खरंच झाडायची, माझ्यापेक्षा स्वच्छ.

आमचं काम पहाटे सुरू व्हायचं आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत चालायचं. बाजाराचा रस्ता, बसथांबा, मागच्या गल्ल्या. एवढ्या सगळ्या भागात बाईमाणसाला लघवीला जायला एक जागा नव्हती. पुरुषांचं काय, त्यांना भिंत पुरते. दुकानदाराला विचारलं तर तो पुढे बोट दाखवायचा, आणि पुढचा त्याच्या पुढे. सरकारने एकदा एका घराची कडी वाजवली. ज्या बाईच्या दारापुढचा रस्ता ती रोज झाडत होती, त्याच बाईने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि परत लावून घेतलं. त्यानंतर सरकारने कुणाला विचारलं नाही. तिने स्वतःच उपाय काढला. आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद, ते काम संपेपर्यंत.

तहान आम्हीही मारायचो, पण घसा सुकला की घोटभर घ्यायचो. ती घ्यायची नाही. हट्टी मेली! उन्हात गरगरलं की झाडूचा दांडा धरून उभी राहायची, आणि काय झालं विचारलं तर म्हणायची, विचार करतेय. लघवीला जळजळ, अधूनमधून ताप, हे तिचं वर्षानुवर्षं चाललं होतं. औषधाच्या दुकानातून गोळी आणायची, गिळायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

नगरपालिकेची निवडणूक लागली तेव्हा आमच्या युनियनचे सेक्रेटरी झाडू ठेवायच्या खोलीत आले. माणूस जुना ट्रक ड्रायव्हर, बोलणं सरळ. म्हणाले, मतदानाची जागा आपण झाडतो, मतदान संपल्यावर तिथला कचरा आपण उचलतो, आणि मधल्या वेळात मत न देता घरी जाऊन झोपतो. खोटं नव्हतं ते. कोणीही निवडून आला तरी हातातला झाडू काय सुटतोय, हे आमचं शहाणपण. मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, सेक्रेटरी म्हणाले, पण सगळ्यांनी द्या, आणि देणार आहोत हे उमेदवारांना आधीच सांगून ठेवा. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही.

बाकीच्या जांभया देत होत्या. सरकार मात्र पेटली. काम झालं की एकेकीच्या घरी जायची. कुणाचा नवरा अडवायचा त्याला समजवायची, कुणाला पोरं सांभाळायची अडचण तिची पोरं शेजारणीच्या गळ्यात घालायची. आणि प्रचाराला जो येईल त्याला भर रस्त्यात गाठून एकच विचारायची, “तुमचा रस्ता आम्ही झाडतो साहेब. आम्ही बायकांनी मुतायला कुठे जायचं?”

एक साहेब आपल्या बुटांकडे बघत राहिले. दुसऱ्यांनी ‘बघू’ म्हणून गाडीची काच वर केली. तिसऱ्या उमेदवार म्हणजे शाळेत शिकवणाऱ्या एक बाई. त्या म्हणाल्या, निवडून आले तर हे काम आधी करीन. मी सरकारला म्हटलं, बोलाचीच कढी. ती म्हणाली, असू दे, कुणी बोललं तरी.

मतदानाला थोडे दिवस राहिले आणि तिचे पाय सुजले. मग तोंड सुजलं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. वर्षानुवर्षं पाणी कमी, त्यात जळजळ अंगावर काढलेली. डायलिसिसचं मशीन लागलं. आणि आता नशिबाची थट्टा बघा, त्या मशीनवरच्या माणसाला पाणी मोजून देतात. दिवसाला एवढंसं. लोकांच्या बंद दारांपायी जन्मभर तहान मारली, आणि आता पाणी उशाशी असून प्यायची चोरी. मला त्या डॉक्टरचाच राग आला, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता तरी.

तिला दवाखान्यातच ठेवलेलं, आणि मतदानाच्या दिवशीच मशीनची पाळी आली. दिवस बदलून द्या म्हणून ती हातापाया पडली. नर्स म्हणाली, पाणी छातीत भरेल, जीव जाईल. तेव्हा मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. “सगळ्यांना सांगत हिंडले, आणि माझंच राहिलं गं.”

आम्ही सगळ्या कामाच्या कपड्यांतच मत देऊन आलो आणि तशाच दवाखान्यात गेलो. वॉर्डबॉय गर्दीवरून ओरडत होता, त्याला ओरडू दिलं. सरकारने एकेकीचं शाई लावलेलं बोट हातात धरून बघितलं.

शाळेतल्या बाई निवडून आल्या. शब्दाला जागल्या, पण सरकारी काम ते. आधी मुतारीला जागा मिळेना, मग दुकानदारांनी हरकत घेतली, मग युनियनला कचेरीपुढे धरणं धरावं लागलं. मी दवाखान्यात गेले की सरकार विचारायची, कुठवर आलं? मी सांगायचे, पाया खणला. मग, भिंती आल्या. छत घालायच्या आधी ती गेली.

उद्घाटनाला फीत कापली, फोटो काढले. मी आत पाऊल टाकलं नाही. कुणावर रागावले होते ते माझं मलाही कळत नव्हतं.

युनियनने भांडून तिच्या जागी तिच्या मुलीला लावून घेतलं. पोरगी आईसारखीच, हात भराभर चालणारा. पहिल्याच दिवशी अर्धा रस्ता झाडून झाल्यावर तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, पोटभर प्यायली आणि मला विचारलं, “मावशी, बाथरूम कुठे आहे?” मी दाखवलं. परत आल्यावर ओले हात ओढणीला पुसत सहज म्हणाली, “नवीनच दिसतंय. मग आई कुठे जायची?”

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. म्हटलं, “जायची नाही, पोरी. पाणीच प्यायची नाही ती. घरी येईपर्यंत.”

ती म्हणाली, “घरी आली की दारातच उभ्या उभ्या तांब्यावर तांबे प्यायची. आम्ही भावंडं खूप हसायचो, मावशी. उंट आला, उंट आला म्हणायचो. तीपण हसायची.”