शेठचा खून आणि आमची जेवणं

आमच्याकडे संध्याकाळी जेवताना टीव्ही बघायचा रिवाज आहे. बघायचा म्हणजे शोधायचा. मुलगा एका ॲपमधून दुसऱ्यात शिरतो, चित्रं सरकवत राहतो आणि विचारतो, "बोला, काय लावू?" पाहुण्याला आधी "तुम्ही सांगा" म्हणायची आमची पद्धत, ती टीव्हीलाही लागली आहे. सून म्हणते, "बाबा सांगतील ते." हे म्हणतात, "आपल्याला काय, काहीही चालेल." मग सगळे माझ्याकडे बघतात आणि मी ताटात बघते. "आईसाठी धार्मिक लावू," असं मुलगा ठरवतो. मग गणपती की महादेव यावर पुन्हा शोध सुरू. तोवर भाजी गार.

देवळात मी रोज जाते. पण दुपारी घर रिकामं झालं की मी खुनाची मालिका बघते. माझी शाळा चौथीपर्यंतची, इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत. पण मालिका हिंदीत आहे, आणि रक्तानं भरलेल्या गादीचं चित्र बरोबर ओळखू येतं. एका शेठला त्याच्याच दुकानात कोणीतरी मारलं आहे. शेवटचे दोन भाग राहिले होते.

परवा मुलगा म्हणाला, "हे ॲप कोणी बघतच नाही. फालतू आहे. आजच बंद करून टाकतो."

त्यानं ॲप उघडलं, तर वरच ती गादी, अर्धवट बघितलेली.

"हे खून-खराबे कोण बघतंय?" त्यानं बायकोकडे पाहिलं.

"मी? मी दुपारी ऑफिसात असते!" ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "आई... तुम्ही?"

"बंद नको करूस," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. "शेठला कोणी मारलं ते कळायचंय अजून."

"त्यात काय कळायचंय?" हे वरणभात कालवत म्हणाले. "मुनीमजीनं."

सगळ्यांनी यांच्याकडे वळून पाहिलं. हे सकाळी टावर चौकात पोहे खायला जातात. उशीर झाला की म्हणतात, गर्दी होती. ती गर्दी फोनमध्ये होती, हे तेव्हा कळलं.

"अहो, सांगितलंत कशाला!" मला रडूच येणार होतं. "आणि मुनीमजी? इतका भला माणूस! का मारलं त्यानं?"

हे घुटमळले. "ते नाही माहीत. मी पळवत पळवत शेवट बघून घेतला."

"वाह बाबा!" सून म्हणाली. "म्हणजे बिनचौकशीची फाशी!"

"मग बंद करू की नको?" मुलानं विचारलं.

"पहिल्यापासून लाव," हे म्हणाले.

"अजिबात नाही," मी म्हणाले. "माझं राहिलंय तिथूनच लाव."

त्यानं लावलं. हा कोण, ती का रडते, त्या दोघांना काही कळेना. मी सांगत राहिले. मधेच यांनी तोंड उघडलं, तेव्हा मी यांना पोळी वाढली.