चुलीचं झाकण

रोझेरकाकांनी चोरी केली तेव्हा मी सोबत होते. त्याआधी त्यांनी कुणाची काडी उचलल्याचं आमच्या खोऱ्यात कुणी सांगणार नाही.

त्यांचं आयुष्य नदीकाठच्या बटाट्याच्या शेतात गेलं. पलीकडच्या काठावर कॅनडा, अलीकडे ते आणि एल्मीरकाकू. घरात नकली काही चालत नसे. लोण्याऐवजी डब्यातलं पिवळं काहीतरी कुणी आणलं, की काका ते कुत्र्यापुढे ठेवत. कुत्रं हुंगून निघून जाई. "बघ," ते मला म्हणत, "याला पदवी नाही, तरी कळतं." मी नुकतीच साहित्याची पदवी घेऊन परत आले होते आणि नोकरी मिळत नव्हती.

त्यांचा स्वयंपाक लाकडाच्या लोखंडी चुलीवर व्हायचा. चुलीच्या माथ्यावरची गोल झाकणं तापली की काकू त्यांतल्या एकावर थेट कुट्टूच्या दाण्यांचं पातळ पीठ ओतत. आमचं प्लोय असंच होतं. पिवळसर, घावनासारखं, वर जाळी पडलेलं. ते उलटायचं नसतं. उलटणारा माणूस खोऱ्याबाहेरचा, हे लहान मुलालाही ठाऊक असतं.

मग काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग खोल्या. चुलीपुढे मात्र त्या चुकत नव्हत्या. एका सकाळी, झाकण तापलं का हे बघायला पाणी शिंपडायचं, तर त्यांनी तळहातच टेकवला.

त्यांची मुलगी जोसलिन दक्षिणेतून दिवसभर गाडी चालवत आली. तिनं आईचा हात पाहिला आणि त्याच आठवड्यात चूल घरातून गेली. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं ती उचलून नेली. धुराड्याचं भोक बुजलं. तिथे पांढरी विजेची शेगडी आली. काकांनी विरोध केला नाही. करणार कसा? तो हात त्यांनीही पाहिला होता.

त्यानंतर काकूंनी खाणं सोडलं.

जोसलिननं पाकिटातल्या पिठाचं प्लोय केलं, न चिकटणाऱ्या तव्यावर, आणि बाहेर राहून लागलेल्या सवयीनं ते उलटलं. काकूंनी घास तोंडात फिरवला आणि ताटाच्या कडेला काढून ठेवला. अगदी सभ्यपणे, परक्या घरी ठेवावा तसा. जोसलिन न्हाणीघरात जाऊन रडली. ती गेल्यावर काकांनी गिरणीचं पीठ आणलं, तेच लोणी, तीच काकवी. शेगडीवर शेजाऱ्याचा बिडाचा तवा ठेवला. तोही घास कडेला.

काकू कोट घालून दाराशी बसत आणि घरी कधी जायचं म्हणून विचारत. त्यांच्या गालांची हाडं दिसू लागली. घरी येणाऱ्या नर्सनं सांगितलं, पुढच्या भेटीपर्यंत वजन आणखी उतरलं तर त्यांना संस्थेत ठेवावं लागेल. संस्था जोसलिनच्या शहरात होती. काकांना आता गाडी चालवता येत नव्हती.

"तिथे ती अनोळखी माणसांत मरेल," काका मला म्हणाले. "इथे निदान एकच अनोळखी आहे."

चूल कुठे गेली ते मी शोधून काढलं. तळ्याकाठच्या एका नव्या बंगल्यात, बैठकीच्या खोलीत, शोभेला. धुराची नळी नव्हती. वर सुकलेल्या फुलांचं भांडं. मालकीणबाई चांगल्या होत्या. काकांनी एकच झाकण मागितलं. संच तुटेल, असं त्या संकोचून म्हणाल्या आणि कॉफी आणायला आत गेल्या. काकांनी फुलं उचलली. कडेचा टवका उडालेलं काकूंचं झाकण काढलं आणि कोटाखाली सरकवलं. मग फुलांचं भांडं नीट भोकावर ठेवलं. कॉफी पिताना ते इतके ताठ बसले की बाईंनी विचारलं, पाठ दुखते का?

"म्हातारपण," काका म्हणाले.

गाडीत त्यांनी झाकण कोटाखालून काढून मांडीवर ठेवलं.

अंगणातला बर्फ बाजूला करून त्यांनी विटा मांडल्या, मॅपलची लाकडं पेटवली आणि वर झाकण ठेवलं. वारा होता. पहिलं प्लोय करपलं. दुसऱ्याला जाळी पडली नाही. काका गुडघ्यांवर बसून जाळ फुंकत होते आणि मधूनमधून पुटपुटत होते. प्रार्थना होती की शिव्या, कळलं नाही. तिसऱ्याला जाळी पडली. त्यांनी ते ताटलीत काढून वर लोणी लावलं.

मागे दार वाजलं. धुराच्या वासानं काकू सपाता घालून बर्फात आल्या होत्या. त्यांनी झाकणाकडे पाहिलं. टवक्यावर त्यांची नजर थांबली. मग, रोजचंच काम असल्यासारख्या, त्या वाकल्या आणि तळहात पुढे केला. मी दूर होते. काकांनी आपला हात मध्ये घातला.

त्यांचा उजवा हात लोखंडावर, काकूंचा त्याच्यावर. चर्र झालं.

काकूंनी त्यांचं मनगट धरून हात ओढला आणि बर्फात दाबला.

"रोझेर," त्या म्हणाल्या. "अरे बाबा, पाणी शिंपडून बघायचं असतं. किती वर्षं सांगतेय. आता जेवशील कुठल्या हातानं?"

हे नाव त्यांच्या तोंडून आम्ही हिवाळाभर ऐकलं नव्हतं.

त्यांनी ताटलीतलं प्लोय गुंडाळलं, काकांना एक घास भरवला आणि उरलेलं उभ्यानंच खाल्लं. बोटांवरचं लोणी चाटलं. आणखी एक मागितलं. मी ओतलं. ते अर्धं खाऊन झालं, आणि त्यांचा चेहरा पुन्हा विझला. त्या काकांकडे वळल्या.

"अहो, मला घरी सोडाल का?"

पट्टी बांधताना मी रडत होते. काका माझ्याकडे बघत नव्हते, हाताकडेही नाही. खिडकीतून विटांकडे बघत होते.

"भाजलं तेव्हा ओळखलं तिनं मला."

वासामुळे ओळखलं असेल, मी म्हणाले. प्लोयमुळे.

"असेल." त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं उघडली, मिटली. "डावा आहे अजून."

झाकण मी घेऊन जाते, असं मी म्हटलं. चोरीचा माल तरुण मुलीनं जवळ ठेवू नये, असं म्हणून त्यांनी ते आपल्या खुर्चीखाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावरूनच त्यांच्या अंगणातला धूर दिसला. मी गाडीचा वेग वाढवला.