बापूकाकांचा अजगर

कुणी गेल्याचा फोन आला की माणूस आधी रडतं. मी आधी विचारलं, "काकी, शेवटी धरलं कुणी?" पलीकडून काकी हुंदके देत म्हणाली, "अजगरानंच गं… पण चहा पिऊन गेले." मग आम्ही दोघीही रडलो. आमच्याकडे येवल्याला बसायला आलेली शेजारीण माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. त्याला आता दोन महिने झाले. बापूकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, ज्यांना माहीत नव्हते त्यांना हा प्रश्न विचित्रच वाटणार.

काका सातपूरला एका कारखान्यात लेथवर होते. नव्वदच्या दशकात केबल आली आणि त्यांच्या घरात जंगल शिरलं. सुट्टीच्या दिवशी जनावरांचा कार्यक्रम लागला की काका टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि स्वतःच सांगायला लागायचे. तेही ज्याची शिकार होतेय त्याच्या बाजूनं. "समज, तू हरीण. पाणी प्यायला वाकलीस. बिबट्या आला झुडपातून… गळा धरला, खेळ खलास! घाबरायलासुद्धा वेळ नाही. सभ्य जनावर." वाघाविषयी आदर होता, पण "एवढं वजन अंगावर घ्यायचं म्हणजे…" मगर मुळीच पसंत नव्हती. "पाय धरून पाण्यात ओढायचं, वर गरगर फिरवायचं. ही काय पद्धत झाली?" रानकुत्र्यांचा तर रागच. "दमेपर्यंत पळवतात आणि जिवंतपणीच लचके तोडतात. भाऊबंद नुसते!" सगळ्यात शेवटी अजगर. तेव्हा काका दिवाणावरचा लाल तक्क्या दोन्ही हातांनी कवटाळायचे. "हा घाई करत नाही. तू श्वास सोडलास की तेवढा आवळतो. परत सोडलास, परत आवळतो… नको रे बाबा! आपल्याला बिबट्याच बरा." स्वतःला कसलं मरण हवं, हे त्यांचं असं पक्कं ठरलेलं होतं. काकी स्वयंपाकघरातून ओरडायची, "जेवायच्या वेळेला मेली ती जनावरं!" ती नामपूरची, फारच चिडली की अहिराणीवर यायची, "हाई काय शे!"

मला बघायला येवल्याची मंडळी आली, तो कार्यक्रमही काकांच्याच घरी झाला. पोहे झाले, माझं शिक्षण विचारून झालं. मग मुलाच्या वडिलांनी काकांना सहज विचारलं, "सुट्टीत काय करता?" झालं! काकांनी तक्क्या ओढला, "हे हरीण समजा" म्हणाले आणि भर बैठकीत त्याच्या मानेला दातांनी धरलं. मिशीला कापूस. वडिलांनी डोळे मिटून घेतले, काकी दाराआडून हातवारे करतेय, मुलाची आई पदर तोंडाला लावून बसलेली… मी मनात म्हटलं, गेलं हे स्थळ. तेवढ्यात मुलगा पुढे सरकून म्हणाला, "पण काका, हरणाला कळत असेल का हो?" काकांनी तक्क्या सोडला. "हा मुलगा पास!" दोन दिवसांनी होकार आला. सोबत सासूबाईंचा निरोप: पुढच्या वेळी मगर दाखवा. त्या बाई पदराआड हसत होत्या, हे मला लग्नानंतर कळलं.

काका निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं आकसत चालली आहेत, हळूहळू आणखी आकसतील. मी धावत गेले. काका दिवाणावर तक्क्याला टेकून बसलेले. म्हणाले, "निघाला अजगरच! सालं, अर्ज बिबट्याकडे केला होता." मला हसू येईना. ज्या एका मरणाला हा माणूस आयुष्यभर नको म्हणत आला, नेमकं तेच त्याच्या वाट्याला यावं? संतापच आला मला. विचारलं, "काका, भीती वाटते?" म्हणाले, "वाटते की. हरणाला वाटते, मला वाटू नये?" मग दम खात खात म्हणाले, "पण अजगराची एक बाजू मी कधी सांगितलीच नाही बघ. बिबट्यानं धरलं असतं तर तू येवल्याहून येईपर्यंत मी गार. हा आवळतो सावकाश… तेवढ्यात तुझ्या काकीचा चहा होतो."

आणि खरंच, पुढचं दीड वर्ष त्या घरात चहा होतच राहिला. मी जमेल तेव्हा यष्टीनं जायची. काकांना आता सांगायला दम पुरत नसे, म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद करून सांगायची आणि ते माझ्या चुका काढायचे. "मगरीला एवढं चांगलं कशाला म्हणतेस? सासरचं मीठ खाल्लंस का?" हसले की खोकला यायचा. खोकला थांबला की परत हसायचे. इतकं हसलेलं आजारपण मी दुसरं पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात काकीकडे गेले. तक्क्या दिवाणावरच होता, मधोमध दबून बारीक झालेला, मानेशी टाके घातलेला. म्हटलं, "काकी, कापूस पिंजून नवा भरून आणू का?" "हात लावू नकोस," ती आतूनच म्हणाली. मी तरी लावलाच. मांडीवर घेतला आणि काका करायचे तसा दोन्ही हातांनी आवळला. काकी दारात येऊन बघत उभी राहिली. जन्मभर त्या जनावरांच्या नावानं बोटं मोडणारी ती बाई… पदराला हात पुसत आली, माझ्या शेजारी बसली आणि तक्क्या माझ्याकडून काढून घेतला.

"असं नव्हे गं," ती म्हणाली, "आधी त्याला श्वास सोडू दे." आणि थोडं थांबून तिनं तो घट्ट आवळला.