अकरा महिन्यांच्या भिंती

टेपकाकू कुणाच्याही घरात शिरल्या की आधी भिंतींकडे बघायच्या, मग माणसांकडे. करंजाड्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आमचा पहिला दिवस होता. मी खोक्यांच्या मधोमध केस पिंजारून बसले होते, नवरा पाण्याच्या बाटल्या आणायला गेला होता. दारात पंचावन्नच्या आसपासची एक ठेंगणी बाई येऊन उभी राहिली. नाव नाही, गाव नाही. पर्समधून स्टीलची मोजपट्टी काढली, सर्रकन ओढली, भिंतीला लावली आणि म्हणाली, "आठ फूट दोन इंच. आमच्याकडे पण तेवढंच. तुमचं घर म्हणजे आमचंच, फक्त उलटं केलेलं. चहा घेणार ना?"

त्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहायच्या, आणि सगळा मजला त्यांना टेपकाकूच म्हणायचा. काका कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून होते, मुलगी लग्न होऊन नाशिकला. बावीस वर्षं ही दोघं भाड्याने राहत होती. घणसोली झालं, कोपरखैरणे झालं, नेरूळ, खारघर, आणि आता करंजाडे. करार अकरा महिन्यांचा, पुढे मालकाची मर्जी. आणि प्रत्येक करारात एक ओळ ठरलेली, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आमच्याही करारात ती होती. मी सही करताना वाचलीसुद्धा नव्हती. काकूंना मात्र ती पाठ होती.

एक खिळा न ठोकता त्यांनी घर असं लावलं होतं की दाराशी आलेला कुरिअरवाला दोन मिनिटं आत डोकावून जायचा. बांबूच्या शिडीवर लटकवलेल्या कुंड्या, जमिनीवरून उभा राहणारा दिवा, ताणून बसवलेल्या दांडीवर पडदे. सगळं उभं, टेकवलेलं, उद्या उचलून टेम्पोत घालता येईल असं. "भिंत मालकाची, उजेड आपला," असं त्या म्हणायच्या. ऐकायला छान वाटायचं. पण त्यांच्या घरी बसलं की मला का कोण जाणे अस्वस्थ व्हायचं. स्टेशनावर सामानाशेजारी बसल्यासारखं.

रविवारी सकाळी दहाला माझा फोन वाजायचा. "तयार आहेस ना? अर्धाच तास जाऊन येऊ." हा अर्धा तास संध्याकाळी सहाला संपायचा. वाशीच्या मॉलमधलं घरसजावटीचं मोठं दुकान, खारघरची ती सुगंधी, मंद दिव्यांची दुकानं जिथे उशीसुद्धा काचेच्या कपाटात ठेवतात, मग तुर्भ्याच्या बाजूला जुन्या सामानाचे गाळे. बाई बसायचं नाव घ्यायच्या नाहीत. फुलदाणी उचल, उलटी कर, बुडाशी नख मार, ठेव, पुढे चल. "तोंड सगळेच बघतात गं. बूड बघावं," हा त्यांचा नियम. माणसांनाही त्या तोच लावत असाव्यात असा मला संशय आहे.

खारघरच्या एका दुकानात त्यांच्या टेपवर बंदी आली होती. मॅनेजर हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही माप घेता आणि बाहेर बनवून घेता. असं चालत नाही." काकूंनी टेप शांतपणे पर्समध्ये टाकला, आणि त्याच्यासमोरच टेबलावर वीत टाकत चालल्या. "माझी वीत आठ इंचांची आहे. ती दारात काढून ठेवू का?" मॅनेजर हसला. मी लाजेने दिव्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

मॅनेजरचा आरोप मात्र शंभर टक्के खरा होता. तिथून आम्ही तडक कळंबोलीच्या लोखंड बाजारात. ट्रेलरच्या मधून वाट काढत काकू एका वेल्डरकडे जायच्या. तो मूळचा तळवली गावचा, काकूंना लांबून बघूनच हातातलं काम खाली ठेवायचा. "काय काकू, या टायमाला काय बनवाचा हाय?" काकू वहीतलं चित्र पुढे करायच्या. तो डोकं खाजवायचा, "याचं पाय लय बारीक हान," आणि आठवड्याने दुकानातल्यापेक्षा मजबूत टेबल बनवून द्यायचा. घरी सगळ्यात देखणी वस्तू कुठली असं कुणी विचारलं तर काकू तेच टेबल दाखवायच्या आणि "इटालियन" म्हणायच्या.

पण दहा वेळा फिरून नऊ वेळा काहीच घेणं नाही. एका रविवारी माझं डोकं फिरलं. पाय दुखत होते, दुसऱ्या दिवशी बेलापूरच्या ऑफिसात मीटिंग होती. मी म्हटलं, "काकू, घ्यायचंच नसतं तर आपण कशाला वणवण करतो?" त्या जराही चिडल्या नाहीत. "घर हातात आल्यावर शोधायला लागले तर उशीर होईल ना गं. सगळं ठरलेलं पाहिजे." आणि मग मला घरी नेऊन त्यांनी कपाटामागचं ते गाठोडं दाखवलं.

जुन्या चादरीत शिवून टाकलेला आरसा होता तो. एकोणीस वर्षांपूर्वी तुर्भ्याला घेतलेला, पितळी चौकटीचा, गोल, दोघांनी उचलावा असा जड. तो कशाला टेकवून ठेवणं शक्य नव्हतं, त्याला भिंतीत घट्ट हूकच हवा होता. "हा आपल्या भिंतीवर लागणार," असं म्हणून काकूंनी तो आणला त्याच दिवशी चादरीत शिवला, आणि नंतरच्या प्रत्येक घरात तो कपाटामागेच राहिला. दर वेळी टेम्पोवाल्याला त्या एकच गोष्ट सांगायच्या, "बाकी सगळं फुटलं तरी चालेल." मला हसू आलं नाही. माझ्याही पलंगाखाली मामाने लग्नात दिलेलं शिसवी घड्याळ थर्मोकोलमध्ये पडलं होतं, स्वतःच्या घराची वाट बघत. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "बरोबर केलंस. ठेव जपून."

आम्ही शेजारी राहायला लागून तिसरं वर्ष होतं. काकांना निवृत्तीला सहा महिने राहिले होते. पनवेलच्या पुढे एक नवी इमारत उठत होती, बजेटात बसेल असं वाटत होतं. सॅम्पल फ्लॅट बघायला काकूंनी मलाही नेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गप्प बघितलं. खोल्या ऐसपैस, पांढरेशुभ्र पडदे, पलंगाच्या दोन्ही बाजूंना चालायला भरपूर जागा. हॉलमधल्या भिंतीसमोर काकू इतका वेळ उभ्या राहिल्या की मला कळलं, मनातल्या मनात आरसा तिथे लागला. काका मला हळूच म्हणाले, "या वेळी होईल असं वाटतंय."

मग काकूंचा हात सवयीने पर्समध्ये गेला. भिंत मोजली, खिडकी मोजली, जाता जाता पलंग मोजला. थांबल्या. परत मोजला. "अहो, जरा झोपा इथे." काका बूट काढून आडवे झाले. काका काही उंच नव्हेत, तरी त्यांचे पाय घोट्यापर्यंत बाहेर. मग सोफा, मग जेवायचं टेबल. सगळं फर्निचर मापापेक्षा लहान करून घेतलेलं, खोली मोठी दिसावी म्हणून. आत एकाही खोलीला दार बसवलेलं नव्हतं, तेही आम्हाला तेव्हाच दिसलं. दाखवणारी मुलगी लाल झाली. "मॅडम, हे फक्त आयडिया यावी म्हणून असतं." काकू टेप गुंडाळत म्हणाल्या, "आली हो आयडिया."

मला अभिमान वाटला होता. परतताना रिक्षात मी काही तरी विनोदही केला. काका बाहेर बघत होते. मग म्हणाले, "तू मोजलंस म्हणून वाचलो, हे मान्य. पण आता माझ्याच्याने धावणं होणार नाही. रिटायर झालो की गावी जाऊ. भाऊ दोन खोल्या देतो म्हणालाय."

"त्या खोल्या भाऊजींच्या आहेत," काकू म्हणाल्या.

"हो. त्याच्याच आहेत."

मला त्या विनोदाची इतकी लाज वाटली की आजही वाटते.

तीन रविवार फोन आला नाही. दहा वाजले की मी उगाच तयार होऊन बसायचे, नवरा म्हणायचा, "जा ना मग बघून." जायचा धीर होत नव्हता. चौथ्या रविवारी दुपारी आमची भिंत थरथरायला लागली. ड्रिलचा आवाज पलीकडून, त्यांच्या हॉलमधून येत होता. मी चपला न घालता धावले.

काका स्टुलावर उभे, डोक्यावर सिमेंटची पूड. करारातली ओळ न ओळ पाळणारा माणूस भाड्याच्या भिंतीत भोक पाडत होता, आणि काकू खाली बसून कात्रीने चादरीचे टाके उसवत होत्या. "काकू, मालक?" मी विचारलं. "सांगेन, खिळा ठोकला. डिपॉझिटमधून काय कापायचं ते कापू दे. गावी जायला पाच महिने राहिलेत, पाच महिने लावीन." आवाज अगदी सपाट होता. आम्ही तिघांनी मिळून आरसा चढवला. काकूंनी दोन पावलं मागे जाऊन सरळ आहे का ते बघितलं. बाल्कनीतून दिसणारा डोंगर आरशातून आत आला होता, अख्खी खोली उजळली होती.

मग त्या पुढे आल्या आणि आरशात बघतच राहिल्या. हात केसांवर गेला. "अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "घेतला तेव्हा ह्याच्यात बघितलं होतं. कमरेपर्यंत वेणी होती माझी. काळीभोर." काका स्टुलावरून उतरून मागे येऊन उभे राहिले. त्यांचं टक्कलही दिसत होतं. काकू रडल्या नाहीत, मीच रडले. त्या म्हणाल्या, "मधली वर्षं ह्याला दाखवलीच नाहीत मी."

नंतरच्या पाच महिन्यांत काकू बसायला शिकल्या. दुपारचा चहा आरशासमोर, कधी कधी काकांबरोबर, कधी माझ्याबरोबर. दुकानात गेलो तरी तासाभरात परतायच्या. जायच्या दिवशी आरसा पुन्हा त्याच चादरीत गेला, पण या वेळी नुसती गाठ मारून. "तिकडे पोचल्या पोचल्या लावणार," त्या म्हणाल्या. "भाऊजींना विचारलं का?" "लावल्यावर विचारीन." काकांनी पुट्टी भरून भोक बुजवलं. मला वाटलं होतं आठवण म्हणून टेप मला देतील. मी तसं बोलूनही दाखवलं. काकूंनी पर्स छातीशी धरली. "वेडी आहेस का? तिकडे काय दुकानं नाहीत?" आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या.

पुढचा रविवार मला खायला उठला. दहा वाजता हात फोनकडे गेला. मग मी पलंगाखाली वाकले आणि घड्याळाचं खोकं ओढून काढलं. नवरा म्हणाला, "अगं, मालक काय म्हणेल?" मी म्हटलं, "लावल्यावर विचारीन." त्याने खालच्या मजल्यावरून ड्रिल मागून आणलं. मी पेन्सिल घेऊन भिंतीसमोर उभी राहिले आणि जागाच ठरेना. शेवटी काकूंना फोन लावला.

"हॉलमध्येच ना? खिडकीपासून एकतीस इंच सोड," त्या लगेच म्हणाल्या. "तिथे आतून वायर जात नाही. आणि उंची तुझ्या कपाळाएवढी घे, त्याच्यावर नको."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तू खोक्यांत बसली होतीस ना, त्या दिवशीच बघून ठेवलं होतं. इथे काहीतरी छान लागेल म्हणून."

मला रागच आला. तीन वर्षं माझं घड्याळ पलंगाखाली होतं आणि ह्या बाईने ते जपून ठेवायला सांगितलं होतं. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

पलीकडे कोंबडा ओरडत होता, कुणीतरी भांडी घासत होतं. काकू म्हणाल्या, "तेव्हा मला तरी कुठे माहीत होतं गं, की लावायचं असतं."

मी एकतीस इंचांवर खूण केली.