पारसियाह आणि दोन नावांची म्हातारी

करांगसारी गावात पारसियाहला सगळे वकीलबाई म्हणतात, आणि ती कुणाचीच चूक सुधारत नाही. शिक्षण म्हणाल तर सहावी. धंदा टेम्पे विकण्याचा. आंबवलेल्या सोयाबीनच्या त्या वड्या सागाच्या पानात बांधता बांधता ती लोकांचे कागद वाचते. शहरातल्या फुकट कायदा-मदत केंद्राने एकदा गावातल्या बायकांसाठी पाच दिवसांचं शिबिर घेतलं होतं. बाकीच्या जेवणासाठी गेल्या, ही प्रश्न विचारायला गेली. शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी हात टेकले. तेव्हापासून केंद्राचं ओळखपत्र तिच्या गळ्यात आहे. आंघोळीलाही ती ते काढत नाही असं नवरा सांगतो, पण त्याचं काय ऐकायचं.

तर एका सकाळी म्हातारी वागिनाह तिच्या पुढ्यात येऊन बसली. हातात भाच्याची, सुरोतोची नोटीस. महिन्यात घर रिकामं करा.

"बू, हा म्हणतो, कागदावर जमीन रेत्नानिंग्रुम नावाच्या बाईची आहे, आणि अशी बाई आमच्या घराण्यात कधी झालीच नाही. म्हणून त्याच्या आजोबांची, माझ्या बापाची ही जमीन त्याची."

"मग ही रेत्नानिंग्रुम कोण, म्बाह?" गावात बाईला बू म्हणतात आणि आजीला म्बाह.

"मीच की गं."

झालं होतं असं, की बारशाला बापाने हौसेने ते भारदस्त नाव ठेवलं, आणि पोर सारखी आजारी. जाणती माणसं म्हणाली, नाव जड झालंय, पोरीला पेलत नाही. मग बदलून साधंसुधं वागिनाह ठेवलं आणि पोर टुणटुणीत झाली. पण बापाच्या जिवातून ते पहिलं नाव जाईना. जमिनीचा कागद त्याने त्याच नावावर केला. ओळखपत्रावर मात्र वागिनाह. या दोघी एकच, हे कोर्टाने म्हटलं तर घर राहणार, नाहीतर म्हातारीला बोचकं उचलून लांब सोलोला लेकीच्या दीड खोलीत जायचं.

फुकट वकील हवा तर गावप्रमुखाकडून गरिबीचा दाखला लागतो. म्हातारी तो आणायला गेली ती लेकीची सोन्याची कुडी घालून, ठेवणीतला झगा चढवून. प्रमुख हसून हसून खुर्चीत आडवा झाला आणि दाखला काही देईना.

"कचेरीत काय भुंड्या कानांनी जाऊ?" म्हातारी फणकारली.

पारसियाहने कुडी उतरवून स्वतःच्या कमरेला खोचली आणि तिला तशीच माघारी नेऊन दाखला काढला. कुडी मात्र आठवडाभर तिच्याच कमरेला राहिली. विसरले, म्हणाली.

आता हवा होता साक्षीदार. लहानपणीचं नाव माहीत असलेलं माणूस. सगळे वर गेलेले. पारसियाहने विचारलं, "म्बाह, तुमचं हाडवैर कुणाशी आहे?"

"हे काय विचारणं झालं?"

"मैत्रिणी विसरतात हो. वैरीण काही विसरत नाही."

म्हातारीने ओठ आवळले. "ती कुंपणापलीकडची. तुकिराह."

पन्नास वर्षांपूर्वी तुकिराहच्या लग्नात भात कच्चा आहे असं वागिनाह पंगतीत बोलली होती. तेव्हापासून सरळ शब्द नाही, नुसते कुंपणावरून टोमणे. आणि टोमणा मारताना तुकिराह तेच जुनं नाव काढायची. "राणी रेत्नानिंग्रुम निघाल्या वाटतं बाजारला. पालखी कुठाय?"

पारसियाह टेम्प्याची पुडी घेऊन तुकिराहकडे गेली. साक्षीचं नावसुद्धा काढलं नाही.

"म्बाह, पीडा टळली तुमची. पुढच्या महिन्यात वागिनाह गाव सोडतेय. कायमची."

तुकिराह शेंगा सोलत होती. ती थांबली. "कुठं जातेय?"

"सोलोला. इथं तिच्या जागेवर कुणी हॉटेल बांधणार म्हणे. पाहुणे येतील, गाणीबजावणी होतील. तुमच्या कानाला तेवढंच सुख."

"कोण हाकलतंय तिला?"

"भाचा. म्हणतो रेत्नानिंग्रुम कुणी नव्हतीच."

"नव्हती कशी? मेल्याची जीभ झडो." शेंगांचं सूप बाजूला सारून तुकिराह उठली. "कोर्ट किती वाजता उघडतं?"

कोर्टात सुरोतो पहिल्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून. केंद्राच्या वकील मॅडम तुकिराहला बाहेरच समजावून थकल्या होत्या, म्बाह, विचारतील तेवढंच बोला. शपथ झाली. न्यायाधीशांनी विचारलं, "अर्जदार बाईंशी तुमचं नातं किंवा वैर आहे का?"

"वैर आहे. पन्नास वर्षांचं."

मॅडमनी डोळे मिटले. पारसियाहच्या गळ्यातलं ओळखपत्र तिच्या मुठीत पार चुरगळलं.

"मग तुमच्या साक्षीवर विश्वास का ठेवावा?"

"साहेब, हिच्या भल्याचं बोलताना माझ्या पोटात काय होतंय ते माझं मला ठाऊक. खोटंच बोलायचं असतं तर ही ती नव्हेच, एवढं म्हणून घरी गेले असते. हीच ती रेत्नानिंग्रुम. तिसऱ्या वर्षी तापाने फणफणली, तेव्हा नाव बदललं. नवं नाव ठेवल्याच्या जेवणाला मी माझ्या आईच्या कडेवर होते, आई मरेपर्यंत सांगायची. नाव हिला तेव्हाही शोभत नव्हतं. तेही लिहून घ्या."

लिहिणारा कारकून खाली मान घालून हसला. सुरोतो बाकावरच पुढे-मागे सरकू लागला.

न्यायाधीशांनी वागिनाहला विचारलं, बाईंचं म्हणणं खरं आहे का. वागिनाह उठली, पण तिला बोलता येईना. महिनाभर एक टिपूस न काढलेली म्हातारी तिथं सगळ्यांदेखत हमसून हमसून रडायला लागली. पारसियाहला वाटलं, घराच्या आनंदाने. तसं नव्हतं. बापाने ठेवलेल्या नावाने तिला हाक मारणारं या जगात एवढंच एक तोंड उरलं होतं, आणि ते आज तिला कळलं.

"रडतेस काय," तुकिराह साक्षीच्या जागेवरूनच म्हणाली. "साहेब विचारतायत. हो म्हण."

"हो," वागिनाह म्हणाली.